पोलिश घरगुती मकारोन: पीठ घट्ट, पोळी सुकलेली

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्रोत्स्वावला दोन वर्षं शिकायला असताना घरमालकीणबाई दर रविवारी चिकनच्या सूपमध्ये घरी केलेल्या बारीक पिवळ्या नूडल्स वाढायच्या. पुण्यात परतल्यावर तुम्ही त्या तीनदा करून पाहिल्या. पहिल्यांदा कापलेल्या नूडल्सचा एकच गोळा झाला, दुसऱ्यांदा सूपची पेज झाली आणि तिसऱ्यांदा त्या दातांना चिवट लागल्या. आता मैदा कोणता घ्यायचा, अंडी किती, पाणी घालायचं का, आणि मशीन नसताना हे जमेल का, असं तुम्ही विचारता आहात.

मशीन नसताना जमतं. मी मूळची कोल्हापूरची, पोझनानला सासर. बावीस वर्षं झाली इथे येऊन. पहिली तीन वर्षं सासूबाईंच्या हाताखाली नुसतं बघण्यात आणि बिघडवण्यात गेली, त्यानंतर आजतागायत जवळजवळ दर शनिवारी मी हा मकारोन, म्हणजे तुम्ही म्हणता त्याच नूडल्स, करते. घरच्यांसाठी करतेच, शिवाय चार-पाच ओळखीच्या घरांसाठीही, त्यामुळे एका बैठकीत वीस-पंचवीस अंडी सहज संपतात. तुमच्या पहिल्या दोन फजित्यांचं कारण एकच दिसतं: पीठ सैल भिजलं आणि पोळी न सुकवताच कापली. तिसऱ्या वेळी तुम्ही बहुधा घाबरून भरपूर कोरडं पीठ कोंबलंत आणि गोळा मुरू न देताच लाटायला बसलात. तिन्ही चुका मी केलेल्या आहेत, म्हणून सांगते.

आधी प्रमाण. सासूबाईंचं माप एका ओळीचं: माणशी एक अंडं, अंड्याला दहा डेका पीठ. डेका म्हणजे दहा ग्रॅम. इथल्या बाजारात अजूनही सगळे याच मापात बोलतात. म्हणजे १०० ग्रॅम पिठाला एक अंडं, किलोला दहा. इथल्या दुकानातल्या पाकिटावर मोठ्या अभिमानाने ‘चार अंड्यांचा मकारोन’ असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ किलोभर पिठाला चार अंडी. घरचा आणि दुकानचा रंग आणि चव का वेगळी, याचं उत्तर त्या आकड्यातच आहे. काही पाकिटांवर घटकांच्या यादीत मी हळदही वाचली आहे, पिवळेपणा आणायला. तुम्ही हळद घालू नका. आपल्याकडची अंडी फिकी असतील तर नूडल्स फिक्या होतील, त्याने काही बिघडत नाही. गावठी अंडी मिळाली तर उत्तमच.

पण ‘एक अंडं’ या मापात तुमच्यासाठी एक खोच आहे. युरोपात अंडी वजनावर विकतात. एम म्हणजे कवचासकट ५३ ते ६३ ग्रॅम, एल म्हणजे ६३ ते ७३. सासूबाई ज्याला अंडं म्हणायच्या त्याचं कवचाशिवाय वजन साधारण ५० ते ५५ ग्रॅम भरतं. पुण्याच्या दुकानातलं अंडं बरेचदा त्याहून लहान असतं. लहान अंडं घेतलं की पीठ फुटतं, मग आपण पाणी घालतो, आणि पाण्याचा हात सैल सुटला की खेळ संपला. म्हणून २०० ग्रॅम पिठाला दोन अंडी आणि वर एक पिवळा बलक, असं धरा. तराजू असेल तर फोडलेलं अंडं मोजून १०० ते १०५ ग्रॅम भरू द्या. बलक वाढवल्याने नुकसान काहीच नाही. बलकातल्या स्निग्धांशाने पोळी मऊ लाटली जाते, आणि पांढऱ्यातली प्रथिनं पाण्यात शिजताना आवळून बसतात म्हणून नूडल विरघळत नाही. दोन्ही हवेत. नुसत्या पांढऱ्यावर केलेला मकारोन रबरासारखा होतो.

पाणी? दोनशे ग्रॅमला फार तर एक चमचा, तेही कोमट, आणि पाच मिनिटं मळून झाल्यावर खरंच गरज वाटली तरच.

आता पीठ. पोलंडमध्ये पिठाच्या पिशवीवर आकडा असतो: ४५०, ५००, ५५०, थेट २००० पर्यंत. हा आकडा राखेचा. शंभर ग्रॅम कोरडं पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, तो तो आकडा. कोंडा जितका जास्त, तितकी राख जास्त. ४५० म्हणजे केकचं शुभ्र पीठ, २००० म्हणजे कोंड्यासकट दळलेलं. मकारोनसाठी बायका ५०० घेतात, आणि त्यातलंही ‘पोझनान्स्का’ नावाचं, म्हणजे आमच्या शहराच्या नावाचं. माझ्या सासूबाईंचा जीव मात्र ‘क्रुपचात्का’वर होता. ते जाडसर दळलेलं पीठ असतं, चिमटीत घेतलं तर बोटांना कण कण लागतात. या कणांमुळे पीठ सावकाश भिजतं, मळताना हाताला कमी चिकटतं आणि शिजल्यावर नूडलला दाताखाली थोडी धार राहते.

आपला मैदा क्रुपचात्काच्या अगदी उलट, पावडरीसारखा बारीक. म्हणून पुण्याला माहेरच्यांकडे आले की मी १५० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम चिरोटी रवा घेते. साधा उपम्याचा रवा नको, तो पारीत टोचतो. चिरोटी रवा घातलात की तुमच्या दुसऱ्या फजितीचा, म्हणजे सूपच्या पेजेचा, अर्धा बंदोबस्त तिथेच होतो. कणीक घालू नका. जात्याच्या किंवा गिरणीच्या दळणाने कणीक खूप पाणी पिते. अंड्यात ती भिजतच नाही आणि नूडल्स तपकिरी, ठिसूळ होतात. पौष्टिक खायचं असेल तर सरळ चकोल्या कराव्यात, त्यात कणकेचं सोनं होतं.

मीठ मी पिठात घालत नाही. शिजवायच्या पाण्यात घालते. काही घरांत चिमूटभर घालतात. त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

मळण्याकडे या. इथे परात नसते, स्तोल्नीत्सा असते: टेबलावर ठेवायची मोठी लाकडी फळी, काठाला खाली एक पट्टी, म्हणजे ती टेबलाला अडकून बसते, सरकत नाही. त्यावर पिठाचं आळं करून मध्ये अंडी फोडतात आणि सुरीच्या टोकाने आतून बाहेर कालवत जातात. तुम्ही परातीत करा, काही अडत नाही. सुरुवातीला पीठ भुगाभुगा होईल आणि तुम्हाला वाटेल की हे कधीच एकजीव होणार नाही. याच क्षणी हात पाण्याकडे जातो. जाऊ देऊ नका. तळहाताच्या टाचेने दाबत, दुमडत, पुन्हा दाबत दहा मिनिटं तिंबा. सातव्या-आठव्या मिनिटाला भुगा शरण येतो. तयार गोळा पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट हवा. बोट दाबलं तर खळगा पडावा पण बोटाला पीठ लागू नये. सुरीने मधोमध कापून बघा: कापलेली बाजू गुळगुळीत, आत कोरड्या पिठाची रेघ नाही, असं दिसलं की थांबा.

पहिल्या वर्षी मला हे घट्ट पीठ बघून धडकी भरायची. पोळ्यांच्या मऊ कणकेवर वाढलेला हात माझा. दर वेळी सासूबाईंची पाठ वळली की मी दोन चमचे पाणी घालायची, आणि दर वेळी कापलेल्या नूडल्सची चटई व्हायची. त्यांनी ओरडा केला नाही. एके दिवशी नळाकडे जाण्याच्या वाटेवर खुर्ची टाकून बसल्या आणि मटार सोलत राहिल्या.

मग गोळा झाकून अर्धा तास ठेवा. इथली पद्धत म्हणजे चिनी मातीचं वाडगं गरम पाण्याने विसळून, पुसून, गोळ्यावर पालथं घालायचं. ऊब आणि कोंडलेली वाफ, दोन्हीने पीठ मुरतं. पुण्यात उबेची गरज नाही, पालथं पातेलं पुरे. फक्त गोळ्याला वारा लागून वर पापुद्रा येता कामा नये. हा अर्धा तास वाया गेलेला वेळ समजू नका. मळताना ताणली गेलेली ग्लुटेनची जाळी या वेळात सैलावते. न मुरलेला गोळा लाटलात तर तो आखडून परत मागे येतो, मग तुम्ही कंटाळून जाडच ठेवता, आणि जाड नूडल बाहेरून शिजते, आतून चिवट राहते. तुमची तिसरी खेप, बहुतेक.

लाटणं. एका अंड्याच्या गोळ्यापासून एक मिलिमीटर जाडीची, साधारण ४० सेंटिमीटर व्यासाची पोळी होते. आपल्या पोळपाटावर ती मावणार नाही. म्हणून एका अंड्याच्या पिठाचे तीन गोळे करा, एक लाटताना बाकीचे झाकून ठेवा. किंवा ओटा स्वच्छ पुसून त्यावरच लाटा, मी माहेरी तेच करते. ग्रॅनाइटचा ओटा स्तोल्नीत्सापेक्षा वाईट नाही. लाटायला पिठी कमीत कमी. मधून बाहेर लाटा, पाव फेरा फिरवा, पुन्हा लाटा. करंजीच्या पारीला हात बसलेला असेल तर तुम्ही माझ्या शेजारणींपेक्षा पुढे आहात. खाली नक्षीचं कापड ठेवलं आणि पारीतून नक्षी अंधूक दिसली की पुरे. सूपमध्ये नूडल फुगून जवळजवळ दुप्पट होते, हे लक्षात ठेवून जेवढी पातळ वाटते त्याहून एक लाटणं जास्त फिरवा. मशीन असेल तर ते काम करतंच. माझ्याकडेही आहे, पंचवीस अंड्यांच्या दिवशी काढते. दोन अंड्यांसाठी ते काढणं, बसवणं आणि नंतर दात कोरून साफ करणं परवडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे पाककृतीत एका ओळीत उरकतात: सुकवणं. लाटलेली पारी लगेच कापायची नाही. सुती कापडावर पसरून ठेवायची. सासूबाईंच्या घरी शनिवारी दुपारी कुठे बसायची सोय नसे. टेबलावर पोळी, खुर्च्यांच्या पाठीवर पोळी, पाहुण्यांच्या पलंगावर चादर घालून त्यावर पोळी. लहानपणी नवऱ्याला शनिवारी अंगणात पिटाळायचे ते याच कारणाने, असं तो सांगतो.

किती वेळ, ते घड्याळ सांगत नाही. आमच्याकडे हिवाळ्यात हीटर चालू असतो, हवा कोरडीठाक, वीस मिनिटांत होतं. पावसाळी ऑक्टोबरात पाऊण तास. पुण्यात मे महिन्यात पंख्याखाली पाच-सात मिनिटांत काठ कडक व्हायला लागतील, तेव्हा हलू नका जागेवरून. जुलैत तासभरही लागू शकेल. बोटांना विचारायचं. मधून एकदा उलटा. पारी हाताला थंड आणि ओलसर लागते तोवर नाही. ती जाड कागदासारखी लागायला लागली, उचलल्यावर लोंबून ताणली जात नाही, पण दुमडली तर घडीवर तडकत नाही, तो क्षण धरायचा. अलीकडे कापलंत तर चिकटेल, पलीकडे गेलात तर तुकडे पडतील. पलीकडे गेलंच तर ओलसर फडकं पाच मिनिटं पांघरा, बरेचदा वाचते.

कापताना पारीवर पिठीचा हलका हात फिरवा. मी पाच-सहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढते, चार-पाच पट्ट्या एकावर एक रचते आणि आडव्या चिरते. पूर्ण पोळी सैल गुंडाळून सुरळी कापली तरी चालते, नूडल लांब पडते एवढंच. सुरी धारदार आणि पातळ, कोथिंबीर चिरतो तसं न रगडता. सूपसाठी एक ते दीड मिलिमीटर. याला इथे नित्की म्हणतात, म्हणजे दोरे. सासूबाईंच्या सुरीचा फळीवरचा आवाज इतका जलद आणि एकसारखा यायचा की स्वयंपाकघराबाहेरून शिवणयंत्र चाललंय असं वाटे. माझा अजून तसा येत नाही. कापल्याबरोबर बोटांनी झटकून मोकळं करा आणि कापडावर पसरा. ढीग घालून ठेवलंत की खालचे दोरे वरच्यांच्या भाराने चिकटलेच.

शिजवताना मोठं पातेलं घ्या. १०० ग्रॅमला लिटरभर पाणी, लिटरला दोन सपाट चहाचे चमचे मीठ. पाणी खळखळून उकळल्यावर टाका, एकदा हलवा. ताज्या बारीक नूडल्स वर आल्यावर मिनिटभरात होतात, म्हणून तिथून हलू नका, खाऊन बघा. पूर्ण वाळलेल्या असतील तर तीन-चार मिनिटं. चाळणीत ओता. सूपसाठी लगेच वाढणार असाल तर पाण्याने धुवायची गरज नाही. ठेवायच्या असतील तर गार पाण्याचा एक हबका आणि चमचाभर सूप किंवा लोणी चोळून ठेवा.

आणि सूपमध्ये शिजवायच्या नाहीत. कधीच नाही. नूडल्सवरची पिठी सुटून सूप गढूळ होतं, आणि इथे रोसुव, म्हणजे हे चिकनचं सूप, गढूळ झालं तर पाहुण्यांसमोर मान खाली जाते. शिजलेल्या नूडल्स सूपच्या पातेल्यात टाकूनही ठेवायच्या नाहीत. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री मी शहाणपणा करून नऊ जणांच्या सूपमध्ये सगळा मकारोन घालून ठेवला, सकाळी नुसतं गरम करायचं म्हणून. सकाळी झाकण उघडलं तर सूप नव्हतंच. चमचा उभा राहील असा पिवळा लगदा होता. ताटलीत आधी नूडल्स, वरून कढत सूप, हीच इथली रीत.

रोसुवबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मकारोनचं निम्मं नशीब त्यात आहे, म्हणून दोन शब्द. गावठी कोंबडी, जमलं तर हाडासकट दुसरं थोडं मांस, गार पाण्यात चढवायचं. वर येणारा फेस काढायचा. मग गाजर, पार्सलीचं मूळ, सेलरीचं कंदमूळ, लीक, कोबीचा तुकडा. या भाज्यांच्या जुडीला इथे व्वोश्चिझ्ना म्हणतात, शब्दशः ‘इटलीकडचं’. १५१८ साली इटलीची बोना स्फोर्त्सा राजा झिगमुंट पहिला याची राणी होऊन आली आणि या भाज्या तिने आणल्या, असं सगळे सांगतात. त्या आधीही काही होत्याच, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मकारोन हा शब्दही तिकडचाच. कांदा सालासकट थेट जाळावर काळा भाजून टाकायचा, त्याने सूपला सोनेरी रंग येतो. काळी मिरी, ऑलस्पाइस, तमालपत्रासारखं इथलं बे-पान. लुबचिक नावाची पानं मिळणार नाहीत, सेलरीची पानं घाला. आलं-लसूण नको. सूपने उकळायचं नाही, ‘डोळा मिचकावायचा’, असं इथे म्हणतात: मधूनच एखादा बुडबुडा. तीन तास तरी. ब्रॉयलर घेतलात तर तासाभरात मांसाचे धागे होतील आणि सूप फिकं राहील.

तुम्हाला घाईच असेल आणि लाटणं नकोच असेल, तर लाने क्लुस्की करा, म्हणजे ओतलेल्या. एक अंडं, दोन चमचे मैदा, चिमूट मीठ, गुठळी न ठेवता फेटायचं आणि उकळत्या सूपमध्ये काट्याच्या दातांवरून बारीक धार सोडायची. अर्ध्या मिनिटात होतं. हे मात्र सूपमध्येच शिजतं. आणि एखाद्या दिवशी गोळा इतका घट्ट झाला की लाटणं शक्यच नाही, तर तो किसणीवर किसा. त्याला झाचेर्की म्हणतात आणि इथली जुनी माणसं ती गरम दुधात शिजवून खातात. आपल्या शेवयांच्या खिरीची साखर-वेलची न मिळालेली बहीण. त्याच पारीचे सेंटिमीटरभर चौकोन कापले तर वाझांकी, परतलेल्या कोबीबरोबर. नाताळच्या आदल्या संध्याकाळी हाच मकारोन खसखस, मध आणि अक्रोड घालून गोड करतात. इथली खसखस निळसर काळी असते. गरम दुधात भिजवून तीनदा वाटतात, आणि माझ्या कोल्हापूरच्या पाट्यासारखं काही मिळालं असतं तर एकदाच पुरलं असतं.

कोल्हापूर म्हटलं की आठवलं. लग्नाआधी सासूबाईंना माझं गाव सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, नकाशा काढावा लागेल. त्या म्हणाल्या, ‘वळिवडे?’ दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दीत हद्दपार झालेले पोलिश लोक, मुख्यतः बायका आणि मुलं, इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यातले पाचेक हजार आमच्या गावाबाहेर वळिवड्याच्या छावणीत राहिले. मला ते ‘पोलिश कॅम्प’ एवढ्या शब्दापुरतं माहीत होतं, आणि महावीर उद्यानातल्या स्मारकावरून मी शेकडो वेळा गेले होते. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा स्वयंपाकघरात बोलावून लाटणं हातात दिलं.

साठवण. कच्चं अंडं आहे, म्हणून उन्हाळी वाळवणासारखं गच्चीत दोन दिवस टाकू नका. इथे थंड, कोरड्या खोलीत बायका रात्रभर वाळवतात. पुण्याच्या उकाड्यात मी ते करणार नाही. तासभर सुकवून, ताटात मोकळं पसरून फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झाल्यावर पिशवीत भरा. महिनाभर छान राहतं. शिजवताना वितळवू नका, गोठलेलंच उकळत्या पाण्यात टाका.

पहिल्या खेपेला दोनच अंड्यांचं करा. सूप मात्र जास्तीचं ठेवा, कारण रविवारचं उरलेलं रोसुव सोमवारी टोमॅटो घालून पोमिदोरोवा होतं, प्रत्येक घरात. त्यात मकारोन घालायचा की भात, यावर इथली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या भांडतात. आमच्याकडे नवरा मकारोनवाला, मुलगी भातवाली. सोमवारी दोन्ही पातेली चढतात.